परसबागेतील मेथी : थोडी पेरा, पण दर दहा दिवसांनी पेरा



मेथी कशी पेरायची हे शेतकऱ्याला काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. बी फेकले, पाणी दिले, महिन्याने भाजी आली. यात शिकण्यासारखे आहे तरी काय? पण आपल्याच परसात डोकावून पाहा. दिवाळीच्या सुमारास मोठा वाफा एकदम पेरला जातो. महिन्याने सगळी मेथी एकाच वेळी तयार होते. चार दिवस रोज मेथी, शेजारीपाजारी वाटून झाली तरी उरते, उरलेली फुलावर येते, कडू होते आणि गुरांपुढे जाते. पुढे दीड महिना त्याच घरात बाजारातून जुडी विकत येते किंवा येतच नाही.

आपल्या राज्यात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहाचे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी आढळले. लहान मुलांची स्थिती याहून वाईट होती. एका भाजीने हा प्रश्न सुटत नाही, औषधाची गरज असेल तिथे औषधच घ्यावे लागते. पण पालेभाजी आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षातले निदान सहा महिने नियमाने ताटात येणे ही गोष्ट आपल्या हातातली आहे. त्यासाठी जमीन फार लागत नाही, पैसाही फार लागत नाही. लागतो तो हिशेब. तोच या पत्रकात सांगितला आहे.

हिशेब पाच वाफ्यांचा

घरामागे किंवा विहिरीजवळ, दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन येते अशा जागी पाच वाफे करावेत. प्रत्येक वाफा ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असावा. रुंदी यापेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी बसून मधल्या रोपापर्यंत हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये.

पहिला वाफा आज पेरावा. दुसरा दहा दिवसांनी, तिसरा विसाव्या दिवशी आणि चौथा तिसाव्या दिवशी पेरावा. चौथा पेरायच्या वेळी पहिल्यातली मेथी काढणीला आलेली असते. ती काढून वाफा मोकळा करावा, उलथून ऊन द्यावे, खत मिसळावे आणि चाळिसाव्या दिवशी पुन्हा पेरावा. म्हणजे प्रत्येक वाफ्याला तीस दिवस पीक आणि दहा दिवस विसावा मिळतो, आणि घराला दर दहा दिवसांनी एक कोवळा वाफा मिळतो. एवढ्या वाफ्यातून साधारण दोन ते अडीच किलो भाजी निघते. पाच माणसांच्या घराला ती तीन-चार वेळा पुरते.

पाचवा वाफा बियाण्यासाठी. त्याचे पुढे सांगितले आहे.

एकाच वाफ्यात लागोपाठ दोनदा मेथी झाली की तिसऱ्या वेळी तिथे पालक, मुळा किंवा कोथिंबीर घ्यावी. सारखे एकच पीक घेतले की मुळे कुजवणारी बुरशी जमिनीत घर करते.

हंगाम

मेथी थंडी मानणारे पीक आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिचा खरा काळ. या दिवसांत पाला रुंद आणि कोवळा येतो, फूल उशिरा लागते. मार्चनंतर ऊन वाढले की झाड लवकर फुलावर जाते, पाला कमी आणि कडवटपणा जास्त. उन्हाळ्यात घ्यायचीच असेल तर वाफ्यावर तुराट्यांचा किंवा नारळाच्या झावळ्यांचा विरळ मांडव करावा, बी थोडे जास्त टाकावे आणि बावीस-पंचवीस दिवसांतच काढून घ्यावी.

पावसाळ्यात मेथीचा वैरी म्हणजे साचलेले पाणी. तेव्हा जमिनीपासून १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करावा. कोरड्या दिवसांत मात्र सपाट वाफाच बरा, कारण गादीवाफा लवकर सुकतो.

बी : आधी परीक्षा, मग पेरणी

परसबागेतली मेथी फसते ती बहुतेक वेळा बियाण्यातच. वाण्याकडचे मेथीदाणे पुष्कळदा उगवतात, नाही असे नाही. पण ते किती जुने आहेत, कुठल्या जातीचे आहेत, हे त्या वाण्यालाही ठाऊक नसते. म्हणून बी कुठलेही असो, घरचे असो वा विकतचे, आधी उगवण पाहावी.

रीत सोपी आहे. शंभर दाणे मोजून घ्या, निवडून नव्हे, येतील तसे. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ओळीने मांडा, तुकडा गुंडाळा आणि सावलीत ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारा. सहाव्या दिवशी उघडून मोड आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगले. पन्नास-साठ उगवले तर बी दीडपट टाकावे. चाळीसही उगवले नाहीत तर ते पेरू नये. मेहनत, पाणी आणि दहा दिवस, तिन्ही फुकट जातात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पाकिटातले बी लाल, गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजावे. असे उरलेले बी फोडणीत टाकू नये, दळू नये, कोंबड्यांनाही घालू नये. धुतले तरी ते खाण्याजोगे होत नाही.

जातींपैकी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा अर्ली बंचिंग’ ही जात लवकर वाढणारी आहे, दहा दिवसांच्या आपल्या हिशेबात ती बसते. कसुरी मेथी ही वेगळी वनस्पती. तिचा पाला बारीक, वास जास्त आणि फूल पिवळे असते. ती उशिरा उगवते, सुरुवातीला सावकाश वाढते आणि तिला थंडी चांगली लागते. पण तिचे तीन-चार वेळा कापे घेता येतात. हौस असेल तर तिला निराळी जागा द्यावी, या फेऱ्यात घालू नये.

वाफा तयार करताना

जमीन वीतभर खोल कुदळून ढेकळे फोडावीत, काशा आणि हरळीच्या मुळ्या वेचून घ्याव्यात. एका वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली पुरे. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे. ओले, कच्चे शेण घातले तर हुमणी आणि वाळवी येते, आणि कोवळ्या मुळांना त्याची आच लागते ती वेगळीच.

युरिया टाकू का, असे पुष्कळजण विचारतात. मेथी ही हरभऱ्यासारखी शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिच्या मुळांवर गाठी येतात, आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. वीस दिवसांचे एखादे रोप हलकेच उपटून पाहा. गाठ फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर गाठी काम करीत आहेत. मग युरियाची गरज नाही. उलट नत्र जास्त झाला की पाला लुसलुशीत दिसतो खरा, पण मावाही लवकर येतो.

गाठी कमी दिसल्या तर पुढच्या पेरणीला रायझोबियम जिवाणू खत वापरावे. मात्र हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे पाकीट मेथीला चालत नाही. मेथी आणि लसूणघास यांचा जिवाणू एकाच गटातला आहे, तेव्हा दुकानात त्याच गटाचे मागावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात याची चौकशी करावी. पाकीट घरच्या मानाने मोठे असते, म्हणून चार घरांनी मिळून घ्यावे. त्यावरची मुदत पाहावी आणि ते उन्हात ठेवू नये.

पेरणी

एका वाफ्याला २० ग्रॅम बी, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, पुरते. आदल्या रात्री बी साध्या पाण्यात भिजत घालावे. सकाळी पाणी काढून, सावलीत कापडावर पसरून वरचा ओलेपणा जाऊ द्यावा. मग गुळाच्या पाण्याचा हात लावून चिमूटभर रायझोबियम आणि चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळावे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आहे, रोपे कुजवणाऱ्या बुरशीला ती आवर घालते. रंगीत, औषध चोळलेल्या बियाण्याला मात्र हे जिवाणू लावून उपयोग नाही, ते मरून जातात. आणि असे बी भिजवूही नये, तसेच कोरडे पेरावे व हात साबणाने धुवावेत.

वाफा आदल्या दिवशी भिजवून ठेवावा आणि वाफसा आल्यावर पेरावे. चिखलात पेरू नये. वाफ्याच्या आडव्या बाजूने १५ सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे वीतभराहून थोडे कमी, काडीने रेघा ओढाव्यात. रेघ बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल असावी. खोल पडलेले बी वर यायच्या आत दमते, आणि उघडे राहिलेले मुंग्या-पाखरे नेतात. बी रेघेत सारखे सोडून वर चाळलेले शेणखत व माती हलक्या हाताने लोटावी. फेकून पेरण्यापेक्षा ओळीत पेरणे बरे. खुरपता येते, हवा खेळते, आणि तण कोणते व मेथी कोणती हे पहिल्या आठवड्यातच कळते.

काळ्या जमिनीत पाणी दिल्यावर वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडतो. त्यासाठी पेरल्यावर वाफ्यावर गव्हाच्या काडाचा किंवा वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी घालावे. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसू लागले की त्याच संध्याकाळी काड उचलावे. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपे पिवळी आणि लांबुडकी होतात.

आणि कोंबड्या! पेरलेला वाफा कोंबडीने एकदा पाहिला की दहा मिनिटांत सगळा विस्कटून जातो. बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण पेरणीच्या आधी घालावे, नंतर नव्हे.

पाणी

पहिले आठ दिवस वरचा थर सुकू देऊ नये, रोज हलके पाणी द्यावे. पुढे हिवाळ्यात हलक्या जमिनीला तीन-चार दिवसांनी आणि भारी जमिनीला पाच-सहा दिवसांनी द्यावे. कोणत्या दिवशी, हे पंचांगाला विचारू नका, मातीला विचारा. बोट एक पेर खुपसावे, ओल लागली तर पाणी नको. पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिले की पाला रात्रभर ओला राहतो आणि रोगाला निमंत्रण मिळते.

न्हाणीचे पाणी वापरायला हरकत नाही, पण ते सरळ पाल्यावर ओतू नये. आधी केळीच्या किंवा अळूच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे, मग ओळींमधून सोडावे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मेथीला नको. संडासाचे किंवा गावगटाराचे पाणी तर पालेभाजीला कधीच नको, जंत आणि हगवण याच वाटेने घरात येतात.

विरळणी हीच पहिली भाजी

दहाव्या-बाराव्या दिवशी रोपे दाट दिसतात. तेव्हा दोन रोपांत दोन बोटे अंतर ठेवून मधली काढावीत. जीव हळहळतो, पण दाटीत कोणाचेच भले होत नाही. काढलेली रोपे टाकू नका. मुंबईच्या किनाऱ्याकडे अशीच कोवळी मेथी रेतीत मुद्दाम पिकवतात आणि ‘समुद्रमेथी’ म्हणून तिच्या छोट्या छोट्या जुड्या विकतात. मुळे काढून, तीन-चार पाण्यांतून स्वच्छ धुऊन, कांदा आणि लिंबू घातले की झकास कोशिंबीर होते. विरळणीबरोबरच एक खुरपणी उरकून घ्यावी.

रोग-कीड

रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली तर ती मर. याला बहुधा जास्त पाणी आणि दाटी कारण असते. अशी रोपे आजूबाजूच्या मातीसकट काढावीत, दोन-तीन दिवस पाणी तोडावे.

पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. अळी पानाच्या आतच असते, म्हणून ती पाने खुडून पुरून टाकावीत. मावा दिसला तर निंबोळीचा अर्क मारावा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा मगज कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला बसेल असा फवारावा. त्यानंतर चार-पाच दिवस भाजी काढू नये, आणि काढल्यावर नीट धुवावी. जानेवारी-फेब्रुवारीत पानांवर पीठ टाकल्यासारखी भुरी येते. ती येताच वाफा लवकर काढून मोकळा करावा, त्यात शहाणपणा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कपाशीची, तुरीची फवारणी झाली, पंपात थोडे औषध उरले, चला मेथीवर मारून टाकू, असे कधीही करू नका. तो पंपसुद्धा परसबागेत आणू नका. कपाशी अंगावर घालायची असते, मेथी पोटात जायची असते, आणि तीही तीस दिवसांच्या आत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष कातडीतून आणि श्वासातून गेले होते. तेच ताटातून लेकराबाळांच्या पोटात का घालायचे? परसबागेचा मोठा फायदा हाच, की आपल्या भाजीवर काय पडले हे आपल्याला ठाऊक असते. तो हातचा घालवू नये.

काढणी

पेरणीपासून २५ ते ३० दिवसांत, कडाक्याच्या थंडीत पस्तिसाव्या दिवसापर्यंत, मेथी तयार होते. फुलाची कळी दिसायच्या आत काढावी. बाजारासाठी जुडी बांधायची म्हणून मेथी मुळासकट उपटतात. घरी त्याची गरज नाही. जमिनीलगत विळ्याने कापावी आणि मुळे जमिनीतच ठेवावीत. गाठींतला नत्र पुढच्या पिकाला मिळतो, आणि भाजीला माती कमी लागते. सगळा वाफा एकदम कापू नये, आज दोन हात, परवा दोन हात असे करावे.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. उकडून पाणी फेकू नये. जेवताना लिंबू पिळावे, त्यातले क जीवनसत्त्व भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. तासभर थांबलेले बरे.

पाचवा वाफा : घरचे बी

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाचवा वाफा पेरावा. यात ओळी ३० सेंटीमीटरवर घ्याव्यात आणि विरळणीत दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर राखावे. यातली भाजी खुडण्याचा मोह आवरावा. निराळी दिसणारी, रोगट आणि सर्वांत आधी फुलणारी झाडे उपटून टाकावीत. जी झाडे उशिरा फुलतात त्यांचे बी ठेवले तर पाल्याचा गुण टिकतो. मेथीचे फूल बहुतेक आपल्याच परागाने फळते, त्यामुळे घरचे बी सहसा बिघडत नाही.

चार-साडेचार महिन्यांनी खालच्या शेंगा पिवळ्या पडतात. सगळ्या वाळायची वाट पाहू नये, शेंगा फुटून दाणे गळतात. सकाळच्या दवात झाडे कापून ताडपत्रीवर वाळवावीत, काठीने झोडपून पाखडावीत. दाणा दाताखाली कटकन फुटला म्हणजे तो वाळला. डब्यात चुलीची चाळलेली राख मिसळून, झाकण घट्ट लावून, वर पेरणीचे साल लिहून ठेवावे. दोन वर्षांच्या आत वापरावे.

एका वाफ्यातून साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम बी मिळते. सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा महिन्यांत दर दहा दिवसांनी म्हणजे अठरा पेरण्या, प्रत्येकी वीस ग्रॅम. बेरीज होते तीनशे साठ ग्रॅम. म्हणजे पाचवा वाफा नीट जमला तर वर्षाचे बी घरातच, आणि साल चांगले गेले तर फोडणीलाही चार दाणे.

घरातल्यांना वाचून दाखवा

– शंभर दाण्यांची उगवण पाहिल्याशिवाय पेरू नये.
– एका वाफ्याला २० ग्रॅम बी, अर्ध्या पेराएवढे खोल, वाफशावर.
– दर दहा दिवसांनी एक वाफा. तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी.
– शेतातला फवारणीपंप परसबागेत नको.
– कळी यायच्या आत कापावी, मुळे जमिनीत ठेवावीत.
– एक वाफा बियाण्याला सोडावा.

पहिला वाफा येत्या दोन-चार दिवसांत पेरून पाहा. आणि तो उगवून आला की मेथी दिसायची वाट न पाहता, दहाव्या दिवशी दुसरा पेरायला विसरू नका. सगळी गोम त्या दुसऱ्या वाफ्यात आहे.